हाकेतला हेल

३ ऑक्टो. ८४, हर्णे
शाळेतून परस्पर बंदरावर. लाँचा येताना माणसं लांबूनच ओरडून सांगतात, काय मासळी मिळाली ते. वाऱ्यात शब्द जिरतात, हेल तेवढा किनाऱ्याला पोचतो. सासूबाई त्यावरून घर ओळखतात, मासळीसुद्धा. मला नुसता आरडाओरडा. आज यांचीच हाक ओळखता आली नाही! लग्नाला दोन वर्षं झाली. बायका हसल्या, मास्तरणीचे कान कोल्हापुरातच राहिले म्हणे. राग आला. खोटं कशाला लिहू?

९ ऑक्टो.
वादळ. बाकीच्या लाँचा कालच परतल्या. आमची नाही.

११ ऑक्टो.
आज लख्ख ऊन. चारच्या सुमाराला सासूबाई मासे साफ करता करता थांबल्या. "आला," म्हणाल्या. मला काहीच नाही. पण बेबी समुद्राकडे वळून हसली, बाबाला बघून हसते तशी. दहा महिन्यांची पोर, एक शब्द येत नाही, पण इथला हेल तिच्या कानात कधीच बसलाय. माझ्या कानात तीस वर्षं दुसराच.
आम्ही धावत गेलो. समुद्र रिकामा.
पोटच्या पोरीचा हेवा वाटला आज.

१४ ऑक्टो.
रोज चारला दोघी वळतात. मी त्यांची तोंडं बघत बसते. आज विचारलंच, काय म्हणतात ते? सासूबाईंनी बेबीला मांडीवर ओढून घेतलं. मग,
"हेल बदललाय गो त्याचा. आपल्या बंदराचा नाय ऱ्हायला."
पुढे विचारायचा धीर झाला नाही.

१७ ऑक्टो.
सासूबाई आता वळत नाहीत. ऐकू येत नाही म्हणतात. बेबीही चारला खुशाल खेळत असते. भावकीतले येऊन गेले, दिवस घालायचं बोलत होते. मी दार लावून घेतलं. ते जिवंत आहेत, मी

१९ ऑक्टो.
आज मला ऐकू आलं.
चार वाजता, माझ्या नावाने. शब्द नव्हते, तरी नाव माझंच. आवाज यांचा. हेल मात्र कोल्हापूरचा, माझ्या आईचा. यांना तो कधी जमला नव्हता.
बेबी खेळत राहिली. मी ओ द्यायला तोंड उघडलं तर सासूबाईंनी तोंडावर हात दाबला. त्यांना ऐकू आलं नव्हतं, माझा चेहराच बघितला त्यांनी.
"ओ देऊ नको, बाय. ओ दिली की मागनं जावं लागतं."
मला भीती वाटली नाही, याचीच आता भीती वाटतेय.
उद्या चारला त्या मासळीच्या लिलावाला जातील. बेबीला शेजाऱ्यांकडे ठेवीन.