डेन्मार्कचं पार्सल

प्रिय सौमित्र,

कॉलेज सोडून तू डेन्मार्कच्या त्या निवासी शाळेत निघालास, तेव्हा मी हसलो होतो. "परीक्षा नाही, मार्क नाहीत, रोज सकाळी गाणी म्हणायची आणि आळीपाळीने भांडी घासायची? मग घर काय वाईट होतं?" पण पहिल्या महिन्यात तुझ्या फोनमागे ताटांचा खणखणाट असायचा, कोणीतरी "सोमी, युअर टर्न!" असं ओरडायचं आणि तू कितीतरी दिवसांनी मोकळा हसायचास.

मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखत मी नोकरीत वर आलो, हे तू विसरलास. गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास, "बाबा, आज सगळ्यांनी मिळून समुद्राचं गाणं म्हटलं." तेवढ्यात तुझ्यामागे शिकागोच्या युनियन स्टेशनवर आपल्या नेपरव्हिलच्या ट्रेनची घोषणा झाली. कामावरून घरी यायला तीच ट्रेन मी वर्षानुवर्षं पकडली आहे रे.

मी एवढंच विचारलं, "चाल कशी होती?" तू गुणगुणून दाखवलीस.

आईला बोललो नाही. तिने डेन्मार्कचा पत्ता घालून चिवड्याचं पार्सल दिलं होतं. "टाकलंत ना पोस्टात?" असं रोज विचारते. मी हो म्हणतो. ते माझ्या गाडीच्या ट्रंकमध्येच आहे.

हे पत्र पाठवलं, तर तू रविवारचा फोनही बंद करशील. म्हणून या रविवारीही मी गाण्याचंच विचारेन. तू कानटोपी मात्र घालत जा. तिकडे बर्फ पडतोय म्हणालास. इकडेही पडतोय.

तुझा,
बाबा