भागुबाईंची दहा मिनिटं

३ जून
आले एकदाची बंगळुरात. खोली एचएसआर लेआउटला, नोकरी यशवंतपूरला, म्हणजे रोज अर्धं शहर ओलांडायचं. पण हॉल बघितला आणि शीण पळाला. मराठी समाजाचं दोनशे खुर्च्यांचं नाट्यगृह, दोरीने ओढायचा खराखुरा मखमली पडदा, आणि वर्षभराचे कार्यक्रम आखणार कोण, तर मी. अध्यक्ष वसुमतीअक्कांनी घरचे चिरोटे आणले होते. पडदा ओढणारे देवाप्पा मात्र मोजकंच बोलतात.

८ जून
इथली एक गंमत. प्रत्येक प्रयोगानंतर दहा मिनिटं पडदा उघडा, दिवे चालू, रंगमंच रिकामा, आणि लोक गप्प बसून. देवाप्पांना खोदून विचारलं. तीस वर्षांपूर्वी बेळगावकडच्या लावणीगायिका भागुबाई इथे आल्या होत्या. कार्यक्रम लांबला म्हणून तेव्हाच्या सेक्रेटरींनी त्यांची दहा मिनिटं कापली, आणि त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्या नऊवारी नेसून, अबोली माळून मेकअपच्या खोलीत बसून राहिल्या. देवाप्पा येता-जाता आपल्या कानडी-मराठीत म्हणत राहिले, स्वल्प थांबा अक्का. सकाळी त्या तिथेच गेलेल्या सापडल्या. तेव्हापासून ही दहा मिनिटं त्यांची.
वाईट वाटलं. पण लागोपाठ दोन प्रयोग बसवायचे तर माझ्या आखणीचे तीनतेरा वाजतात. काढून टाकली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की मीटिंगा होतात.

१६ जून
माझ्या आखणीतला पहिला प्रयोग झकास. संपताच पडदा पाडायला सांगितला. देवाप्पा म्हणाले, तुम्हीच ओढा. ओढला. दोरी ओली होती.

१७ जून
चारला चहाचा कप उचलला. खाली ठेवला तेव्हा चार दहा, चहा गार आणि तसाच. पेंग आली असणार.

१९ जून
आज दोन तास गेले. घसा बसलाय. केसांत अबोली — मी कधी गजरा माळत नाही.

२२ जून
दहा मिनिटं कार्यक्रमात परत घातली. वसुमतीअक्कांपुढे सगळं कबूल केलं, रडले. त्या म्हणाल्या, आता ती मागत नाही, वसूल करते. तेव्हाचे ते सेक्रेटरी म्हणजे त्यांचेच थोरले भाऊ, अण्णा. अजून आहेत. खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसतात. दिवसातून दहा मिनिटं शुद्धीवर येतात —
मला त्यांना बघायचं नाही.

जुलै?
सकाळ होती. मग एकदम संध्याकाळ. पायात घुंगरू, टाळ्यांचा आवाज अजून कानात —

तारीख कुणी सांगत नाही
मेकअपची खोली. माझी दहा मिनिटं चालू आहेत, सहा गेली. आरशात नऊवारी. बाहेर हॉल भरलाय, माझ्या गळ्यातून ती फार सुंदर गाते म्हणतात. हाक मारायला गेले, आवाज तिचाच —
देवाप्पा दारात आले. विचारलं, पुण्याला आईला कुणी सांगितलंय का. नाही म्हणाले. पहिल्यांदाच हसले. स्वल्प थांबा अक्का, म्हणाले, आता तुमचीच वेळ.
नऊ झाली.
आई, मी इथेच आहे, मला कुणी —