ह्यांच्या आवाजातलं दारूचं गाणं

सोमवार, संध्याकाळ. नवागाम, सुरत.

हे जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या खानदेशच्या कानबाई देवीची गाणी म्हणायचे. आता कुणीतरी एआयने त्यांच्याच आवाजात दारूचं गाणं बनवून मोबाइलवर फिरवलंय. ज्यांनी कधी थेंब घेतला नाही, त्यांच्या! शेजारची सुमन म्हणाली, "वहिनी, भाऊंनी वर जाऊन सुरू केली की काय?" आधी हसले, मग अंगाची आग झाली.

पेपरात वाचलं, कोर्टाने नटांचे आवाज असे वापरायला मनाई केली. ह्यांच्यासारख्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या कामगाराला कोण विचारणार? लेक म्हणते, "आई, वकिलाने नोटीस लिहून दिलीय. सही कर, काढायला लावू."

ह्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मधेमधे खोकला आहे, मिलच्या वाफेचा. ह्या गाण्यात एकदाही खोकला नाही. सकाळपासून हे बिनखोकल्याचं गाणंच ऐकतेय. सही अजून केली नाही.