दाराशेजारची नावं

जामनेर, ४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास, किरणचा शि. सा. न. वि. वि.

घराला रंग देतो आहे. सत्तावीस तारखेला ऋतिकाला बघायला पाहुणे येतील. मला बाहेरून फिकट पिस्ता हवा, सारिकाला तो दवाखान्यासारखा वाटतो.

अडचण दाराशेजारची आहे. तुझ्या लग्नात तेलरंगात काढलेली 'प्रमिला – नवल' ही नावं. आबांनी नंतर तीनदा घर रंगवलं, तेवढा चौकोन सोडून. पाहुणे वाचणार, जावई काय करतात विचारणार. त्यांनी तुला चौदा महिन्यांत माहेरी पाठवलं, हे मी सांगावं का? लपवावं का? तुझ्या परवानगीशिवाय तिथे ब्रश लागणार नाही. त्या दिवशी तू येऊ नयेस असं मी म्हणत नाही. तुझं तू ठरव. फोनवर हे बोलवेना. पत्रही तीनदा फाडलं.

तुझी माया आहे तशी राहो.
किरण

शिंदखेडा, ९ ऑक्टोबर

चि. किरणला अ. उ. आ.

पिस्ता नको, सारिकाचं ऐक. आणि नावं काढून टाक. आबांनी ती मायेनं जपली असं तुला वाटतं. नवल न्यायला येईल तेव्हा ती दिसली पाहिजेत, म्हणायचे. दर दिवाळीला भर रस्त्यासमोर मला ओल्या फडक्यानं पुसायला लावायचे. तू ओट्यावर अभ्यासाला बसलेला असायचास. बादली सरकवली की पाय तेवढे वर घ्यायचास.

एकच मागणं. ती नावं मी खरवडते. वीस तारखेला रविवार आहे, अंगणवाडी बंद. सकाळच्या बसनं येते. धनसिंग पेंटरला तेवढी भिंत ठेवायला सांग.

सुखी असा.
अक्का

जामनेर, १४ ऑक्टोबर

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

रविवारी येऊ नकोस, उगाच दगदग. भिंत झाली. खरं लिहायचं तर तुझं पत्र येण्याआधीच झाली. आणखी खरं म्हणजे, मी तुला विचारायला बसलो तेव्हाच ती कोरी होती. धनसिंग म्हणाला, बठ्ठं घर नवं आणि हे ठिगळ कशाला? मी हो म्हटलं. मग मनाला लागलं, म्हणून तुला विचारलं. तुझा होकार आला त्या दिवशी मी नीट जेवलो. आधी विचारलं असतं तरी तू हेच लिहिलं असतंस, नाही का?

पाय वर घेतल्याचं आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

रागावू नये, एवढंच मागतो.
किरण

शिंदखेडा, १८ ऑक्टोबर

चि. किरणला अ. उ. आ.

कोऱ्या भिंतीचा फोटो ऋतिकानं मला तीन तारखेलाच पाठवला होता. किती छान दिसतं ना आत्या, असं खाली लिहून. तुझं पत्र फोडलं तेव्हा तो मोबाईलमध्ये होता. तरी मी होकार दिला आणि यायचंही लिहिलं. तू काय करतोस ते बघायचं होतं.

सत्तावीसला मी येत नाही. कोणी विचारलं तर बहीण नव्हती म्हण. आता ती होती असं कुठे लिहिलेलंही नाही.

ऋतिकाचं जमलं की त्याच जागी त्या दोघांची नावं येतील. तेलरंगात नकोत, गेरूनं काढून घे. ओल्या फडक्यानं एका दिवाळीत निघतात.

लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही.
प्रमिला