न दुखणारा पाय

मॅडम, काल भाईंदरच्या बाजारातून येताना तुमच्या दवाखान्यासमोर थांबले. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. दुकानदाराने विचारलं, "क्या दिखाऊं?" मी काही नाही म्हणून निघाले, पण तुमच्याशी बोलायचं राहिलंय, हे घरी येईपर्यंत मनातून जाईना.

दोन हजार चार-पाचचा सुमार. पूनम सागर वसाहतीतून मी तुमच्या हाताखाली शिकायला यायचे. डिग्री नवी होती. डायबेटिस म्हणजे शुगर बघायची आणि गोळी लिहायची, एवढंच मला ठाऊक. तुम्ही मात्र आधी चपला काढायला लावता. गुडघे कुरकुरत असताना खाली पाटावर बसता, पेशंटचा पाय मांडीवर घेता, आणि तो बिचारा पाय मागे ओढतोय, "डॉक्टरीणबाई, पायाला हात नका लावू, पाप लागेल आम्हाला." तुम्ही म्हणता, "पाप माझ्या नावावर. डोळे मिटा." मग नायलॉनच्या जाड धाग्याचं टोक तळव्यावर टेकवायचं, धागा वाकेपर्यंत दाबायचं, आणि त्याने 'लागलं' म्हणायचं. जिथे तो गप्प राहील, तिथली नस मंदावली.

एकदा घाईत मी एका कोळणीला नुसतंच विचारलं, "मावशी, पाय दुखतात का?" ती नाही म्हणाली, मी गोळ्या लिहून दिल्या. ती दारात पोहोचली होती, तुम्ही तिला परत बसवलंत आणि तिच्यासमोरच मला म्हणालात, "दुखतं का, असं काय विचारतेस? दुखणं कुठे बंद झालंय, ते शोधायचंय आपल्याला." माझे कान तापले. मावशींनी डोळे मिटले आणि दोन्ही तळव्यांना एकदाही 'लागलं' म्हणाल्या नाहीत. तुम्ही समोरून बंद अशा रबरी चपला घालायला सांगितल्यात, तर त्या हसल्या. "दुखत न्हाय, खुपत न्हाय, माज्या पायांना काय झालंय? बाजारात बूट घालून बसले तर बाया काय म्हनतील?"

त्या पुन्हा आल्या नाहीत. तेव्हा तुम्हीच निघालात, मला घेऊन. तुम्ही जन्माच्या शाकाहारी, नाकाला पदर लावून त्या ओल्या फरशीवरून मासळीबाजारात शिरताय, हे मला आजही दिसतं. मावशी अनवाणीच होत्या. तुम्ही तिथेच उकिडव्या बसलात, पाय हातात घेतलात. टाचेत माशाचा काटा मोडून रुतला होता, भोवती पू धरला होता. "कधी लागला?" मावशी त्या टाचेकडे दुसऱ्याच कुणाची असल्यासारखं बघत राहिल्या. "मला ठावंच न्हाय." मग पहिल्यांदा त्यांनीच विचारलं, "बाय, पाय कापतील काय?"

"लवकर सापडलंय. माझं ऐकलंस तर नाही कापणार," तुम्ही म्हणालात. तिथूनच रिक्षाने दवाखान्यात नेलंत, काटा काढलात, पट्टी बदलायचं काम मला दिलंत. टाच भरायला बरेच आठवडे गेले, पण भरली. चपला तुम्ही स्वतःच आणून दिल्यात. पुढे मावशी शेजारच्या कोळणींना दमात घ्यायच्या, "गुमान जा, पाय दाखवून ये!" तुम्ही गेलात त्या दिवशी त्या स्वतःच्या पायांनी जिना चढून तुमच्या घरी आल्या आणि दारातच बसून मोठ्याने रडल्या. इतकं मोकळं रडणं मला जमलं नाही.

आता माझ्याकडेही शिकायला मुली येतात. तुमची पाय तपासायची तऱ्हा त्यांना दाखवताना मी तुमच्यासारखीच चिडते, असं त्या म्हणतात. मला ते आवडतं.

हे पाठवायचं कुठे, मॅडम? पण लिहायला एक कारण आहे. गेल्या महिन्यात माझी स्वतःची शुगर वाढलेली निघाली. पेशंटना मी रोज सांगते की घरच्यांपासून लपवू नका. मी मात्र घरी अजून कुणालाच बोललेले नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय.