एका गावात दोन हॅगिस

एका शुक्रवारी दुपारी माझी मैत्रीण नेटा आणि मी ननांच्या शाळेतून आल्या आल्या, गणवेशही न बदलता, आईच्या स्वयंपाकघरात सलगम सोलत बसलो होतो. माझा धाकटा भाऊ फर्गस कोळशाच्या पेटीवर उभा राहून हॅगिसवरची, म्हणजे मेंढीच्या जठराच्या पिशवीत काळीज आणि ओट भरून उकडतात त्या पदार्थावरची, कविता घोकत होता. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

"इशबेल, ह्याला खाली उतरव गं, नाहीतर सलगम रडायला लागतील," नेटा म्हणाली.

"तू सोल! तुला कवितेतलं काय कळतंय?"

नेटाने नेम धरून त्याच्या कपाळावर साल मारले. त्याने टाळ्या पडल्यासारखे वाकून अभिवादन केले. बाकी त्या दुपारी काहीच घडले नाही.

हे इतके लख्ख आठवते, तेव्हा माझी बुद्धी ठिकाणावर आहे हे मान्य व्हावे. मी, इशबेल गेडीस, वय बहात्तर, अविवाहित, राहणार पोर्ट अर्डली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दबाव कोणाचा नाही. उत्साह मात्र इतका आहे की तीन कागदांवर शाई सांडली. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी पडशाने बेजार असताना लिहिले होते आणि त्यात सगळ्यांवर रागावले होते.

कलम १. माझे घर फर्गसची मुलगी लिलियस हिला द्यावे. पुढच्या खोलीतले लांब टेबल तिने विकू नये, कापू नये आणि त्यावर संगणक मांडू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक चर्चच्या गळक्या छपरासाठी आहे. फादर कॉल यांनी त्यातून गालिचा घेऊ नये. मी त्यांना ओळखते.

कलम ३. हे लांबेल.

ती कविता ज्याची, त्या आमच्या राष्ट्रकवीच्या वाढदिवसाचे जेवण पूर्वी गावात एकच असे. हॅगिस नेटा करी, कविता फर्गस म्हणे. अकरा वर्षांपूर्वी बॅगपाइपच्या सुरांत हॅगिस सभागृहात आले, फर्गसने बाबांची सुरी उगारली, शेवटची ओळ लांबवली आणि घाव घातला. पिशवी फाट्‌कन फुटली. कढत काळीज, ओटचा भरडा, कांदा, सगळे त्याच्या दाढीत आणि त्याने नेसलेल्या बाबांच्या किल्टवर.

"नेटा, पिशवीत काय भरलंयस? सूड?"

स्वयंपाकघराच्या दारातून उत्तर आले, "तुझी कविता ऐकून त्या मेलेल्या मेंढीचाही जीव कंठाशी आला, फर्गस!"

सभागृह हसून लोटपोट झाले. फर्गस निघून गेला. तेव्हापासून त्याचे जेवण धक्क्यावरच्या खानावळीत होते: कविता उत्तम, हॅगिस दुकानातले. नेटाचे चर्चच्या खोलीत: हॅगिस स्वर्गीय, कविता नाही. ते कापताना नेटा नुसते "हं, घ्या," म्हणते. दोघे रस्त्यात भेटले तर कुत्र्याशी बोलतात, एकमेकांशी नाही.

आता लिहिते. ओट शिजताना फुगतात, म्हणून पिशवीला आधी सुईने भोके पाडावी लागतात. त्या दिवशी नेटाने सुई माझ्या हातात दिली होती. "विसरू नकोस हं, बाई." मी दाराशी उभी राहून फर्गसची तालीम ऐकत राहिले आणि विसरले. पिशवी फुटली ती माझ्यामुळे. आणि सगळ्यांत मोठ्याने हसले तीही मीच. नेटाला वाटते, आपण पिशवी फार गच्च भरली. फर्गसला वाटते, तिने मुद्दाम केले. दहा जानेवाऱ्या मी दोन्हीकडे जेवले आणि गप्प राहिले. शाळेत शिकवलेले पापनिवेदन मी फादरांपाशी कितीदा केले, पण ज्यांच्यापाशी करायचे त्यांच्यापाशी नाही.

म्हणून हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. येत्या पंचवीस तारखेला, कवीच्या वाढदिवशी, मी तो माझ्याच टेबलाशी वाचणार आहे. दोघांना बोलावले आहे.

"मृत्युपत्र? एवढ्यात कशाला मरतेस?" फर्गस म्हणाला. "तो येणार असेल तर मी मागच्या दाराने येईन," नेटा म्हणाली. येणार आहेत! दोघेही! चार दिवस मला झोप नाही.

कलम ४. बाबांची सुरी आणि आईचे मोठे पातेले आजवर माझ्याकडे असत; सुरी फर्गस मागून नेई, पातेले नेटा. माझ्या पश्चात सुरी नेटाला द्यावी आणि पातेले फर्गसला. ज्याला कविता म्हणायची त्याने सुरीसाठी तिचे दार ठोठावावे. जिला शिजवायचे तिने पातेल्यासाठी त्याचे.

कलम ५. कपाटातल्या सात बाटल्या व्हिस्की गावाला. पाणी घालायचे तर थेंबाने. आल्याचा गोड सोडा घालणाऱ्यास या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही.

कलम ६. कवीच्या जेवणात पुरुष बायकांची थट्टा करत जे भाषण करतात, त्याला बायकांच्या वतीने उत्तर द्यायचा माझा मान लिलियसला. तिने बापाची गय करू नये.

कलम ७. माझ्या पश्चात कवीचे जेवण होईल, त्याला माझी खुर्ची रिकामी ठेवू नये. रिकामी खुर्ची पाहून लोक हळवे होतात आणि बटाटे गार होतात. त्या वर्षी गावात नवीन राहायला आलेल्या माणसाला ती द्यावी, फर्गस आणि नेटा यांच्या मधोमध, आणि त्याला दोन्ही बाजूंनी वाढावे.

सही: इशबेल मार्गारेट गेडीस
साक्षीदार: डॉ. ॲलिस्टर मॅकहार्डी आणि टपालवाली शीना डफस (हिने वाचून डोळे पुसले, पण अक्षर साक्षीस योग्य आहे)
पोर्ट अर्डली, बँफशायर. २१ जानेवारी २०१९