डिंक धरत नाही

सोमवार
नाही, मी थकलेली नाही. साठी उलटली की माणूस थकतोच, असं कुणी ठरवलं? बॅगासुद्धा मीच वर आणल्या. धाकट्या बहिणीचं घर झकास आहे. खिडक्या मोठ्या, नळाला जोर, मला वेगळी खोली. धाकटीचा हात गळ्यात बांधलेला म्हणून आले, तो जुळेपर्यंत राहीन. कसा मोडला विचारलं तर म्हणते, पडले. पडून हात असा मधोमध काडीसारखा मोडत नाही. असो. मेहुणे गोड माणूस. डोळे मिटूनच बसतात, पापण्या लालभडक, सुजलेल्या. माझ्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, ताई, वजन वाढलं वाटतं.

मंगळवार
पापण्यांचा लोक उगाच बाऊ करतात. पाणी उकळून कोमट होऊ दिलं, स्वच्छ फडकं पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवलं, गार झालं की परत. मग कापसाने नाकाकडून कानाकडे हळू पुसायचं. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही, चोळायचं तर मुळीच नाही. मला वाटलं चिपडं असतील. चिपडं कसली, चक्क डिंक! धाकटी रोज झोपायच्या आधी लावते म्हणे, तेही मेहुण्यांच्याच सांगण्यावरून. का, तर झोपेत पापण्या आपोआप उघडतात. मी म्हटलं, उघडू देत की, दरोडा पडणार आहे? बाटली मोरीत ओतली.

बुधवार
सूज उतरली. मेहुणे डिंकासाठी गयावया करत होते. लहान मूल बरं. जेवून खुर्चीत त्यांचा डोळा लागला. पापण्या उघडल्या खऱ्या. समोरच्या फळीवरच्या काचेच्या बरण्या फुटल्या, एकामागून एक. ऊन लागलं असेल.

गुरुवार
मांजर त्यांच्या पायाशी बसलं होतं. पाठ मोडली. मधोमध.
मग धाकटी बोलली. ते झोपलेले, ही चहा घेऊन समोर उभी, तसा तिचा हात गेला. झोपेत नजर जिथे ठरते, ते मोडतं. मिटल्या पापणीतून मात्र बाहेर येत नाही.
पट्टी बांधली. चिंध्या झाल्या. तोंड भिंतीकडे केलं तर झोपेत वळतात.
नवा डिंक आणला. धरत नाही. जुन्या थरावरच तो धरायचा, आणि पापण्या इतक्या स्वच्छ केल्यात मी.

शुक्रवार
मेहुणे कालपासून जागे. मान डुलते, धाकटी गालावर थापट्या मारते. तिला म्हटलं, चल, निघू. म्हणते, नवरा आहे, जुनी चप्पल नाही टाकून द्यायला.
मेहुणेच म्हणाले, ताई, तुमची शिवण चांगली आहे ना.
सुई उकळत ठेवली. स्वच्छता आधी.

शनिवार
डाव्या हाताने लिहितेय —
डावी पापणी शिवली. धाकटीने डोकं दाबून धरलं. ओरडले नाहीत. रक्त कोपरापर्यंत — फडकी पुरेनात — शेवटची गाठ मारली आणि ते बेशुद्ध पडले.
बेशुद्धी म्हणजे झोपच की. हे माझ्या डोक्यात —
उजवी उघडली. माझं मनगट गेलं, काडीसारखं. मग नजर वर सरकायला लागली, दंड, खांदा — आणि धाकटी मधे आली. तेवढ्यात मी त्यांच्या डोक्यामागे सरकले.
उजवी शिवायची राहिलीय. सुई डाव्या हाताने धरता येते, पण दोरा ओवता येत —
धाकटीचं विचारू नका. मी सांगणार नाही.